घरच्या संगणकासाठी दुरुस्ती व साफसफाईचे विश्वासार्ह सॉफ्टवेअर निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणक फार मंद झाला आहे. साफसफाईचे सॉफ्टवेअर टाकले तर तो पूर्वीसारखा चालेल का?

बहुतेक वेळा नाही. हे सुरुवातीलाच सांगावेसे वाटते, कारण याच आशेपोटी लोक नको ते सॉफ्टवेअर विकत घेतात. संगणक मंदावण्याची कारणे अनेक असतात. तो चालू होतानाच डझनभर प्रोग्रॅम सुरू होत असतील, ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शनची (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची) गर्दी झाली असेल, रॅम (चालू प्रोग्रॅमची तात्पुरती मेमरी) अपुरी पडत असेल, आत जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, पंख्यात साचलेल्या धुळीमुळे प्रोसेसर तापत असेल, मागे एखादे मोठे अपडेट चालू असेल किंवा खरोखरच एखादा घातक प्रोग्रॅम शिरला असेल. साफसफाईचे सॉफ्टवेअर यांपैकी फार थोड्या गोष्टींना हात घालू शकते. डिस्क काठोकाठ भरली असेल तर जागा मोकळी केल्याने फरक पडतो. डिस्क निम्मी रिकामी असताना आणखी थोडा कचरा काढल्याने वेग वाढत नाही.

म्हणून काहीही डाउनलोड करण्यापूर्वी कारण शोधावे. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक रेंगाळत असतानाच त्यातील प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांकडे काही मिनिटे पाहत राहावे. मेमरीचा आकडा नेहमीच ९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम कमी पडते आहे, असे समजावे. आपण काहीच करत नसताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर अडकत असेल आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्याने जो फरक पडतो तो कोणत्याही सॉफ्टवेअरने पडत नाही. त्याच खिडकीतील स्टार्टअप विभागात जाऊन नको असलेले प्रोग्रॅम बंद करणे हे तर बिनखर्चाचे काम आहे, आणि पुष्कळ घरांत तेवढ्यावरच भागते.

साफसफाईचे सॉफ्टवेअर नेमके काय पुसते?

तात्पुरत्या फाइल, ब्राउझरचा कॅशे, कुकी (संकेतस्थळांनी ठेवलेल्या लॉग-इनसारख्या नोंदी), छायाचित्रांच्या लहान प्रतिमा, रिसायकल बिनमधील सामान, जुन्या अपडेटचे अवशेष आणि त्रुटींच्या नोंदी. एवढ्यापर्यंतचे काम बऱ्यापैकी निर्धोक असते. मात्र कॅशे हा कचरा नसून वेगासाठीच केलेली साठवण असते, हे लक्षात ठेवावे. ती रोज पुसली की प्रत्येक संकेतस्थळ पहिल्यांदाच उघडल्यासारखे सावकाश उघडते, आणि कुकी पुसल्या की सगळीकडे पुन्हा लॉग-इन करावे लागते. रोजच्या साफसफाईने संगणक ताजातवाना राहतो, ही समजूत चुकीची आहे. यापुढची कामे, म्हणजे रजिस्ट्री साफ करणे, ड्रायव्हर (यंत्राचे भाग विंडोजशी जोडणारे प्रोग्रॅम) बदलणे आणि मेमरी ‘मोकळी’ करणे, यांत फायदा संशयास्पद असून धोका खरा आहे.

संगणकात आधीपासून असलेली साधने पुरेशी नाहीत का?

घरगुती वापरासाठी ती सहसा पुरेशी असतात, आणि दुर्दैवाने त्यांचीच माहिती लोकांना सर्वांत कमी असते. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जच्या स्टोरेज विभागात स्टोरेज सेन्स ही सोय आहे. ती चालू केली की तात्पुरत्या फाइल आपोआप काढल्या जातात. त्याच विभागातील तात्पुरत्या फाइलींच्या यादीत कोणत्या प्रकाराने किती जागा व्यापली आहे हे दिसते आणि ज्यावर खूण कराल तेवढेच पुसले जाते. या यादीत डाउनलोड्स फोल्डरही असतो. अनेक जण आपली महत्त्वाची कागदपत्रे वर्षानुवर्षे त्याच फोल्डरमध्ये ठेवतात. त्यामुळे त्यापुढची खूण आधी काढून मगच पुढे जावे. विंडोजची नवी आवृत्ती बसवल्यावर मागे राहणारा जुन्या विंडोजचा फोल्डर अनेक जीबींचा असतो, पण तो साधारण १० दिवसांनी आपोआप जातो. ते दिवस जुन्या आवृत्तीवर परतण्यासाठी दिलेले असतात, म्हणून तो पुसण्याची घाई करू नये.

विंडोजच्या स्वतःच्या फाइल बिघडल्या असतील, म्हणजे स्टार्ट मेनू उघडत नसेल किंवा सेटिंग्ज उघडताच बंद पडत असतील, तर त्यासाठी डिझम आणि सिस्टिम फाइल चेकर अशी दोन साधने विंडोजमध्येच असतात. दोन्ही कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून चालवायची असतात. आधी डिझम चालवावे. ते विंडोजने दुरुस्तीसाठी जपून ठेवलेला मूळ फाइलींचा साठा तपासते आणि गरज पडल्यास मायक्रोसॉफ्टकडून चांगल्या प्रती आणून तो नीट करते. त्यानंतर सिस्टिम फाइल चेकर त्याच साठ्यातील प्रतींशी ताडून वापरातल्या बिघडलेल्या फाइल बदलतो. काळ्या खिडकीत टक्केवारी हळूहळू सरकत जाते आणि मध्येच बराच वेळ थबकते; तेव्हा खिडकी बंद न करता थांबावे. शेवटी बिघाड सापडला की नाही आणि तो दुरुस्त झाला की नाही, हे तेथेच साध्या वाक्यात लिहून येते. बाजारातील ‘विंडोज दुरुस्त करणाऱ्या’ अनेक प्रोग्रॅमचे गाभ्याचे काम एवढेच असते, किंवा ते हीच दोन साधने आपल्या रंगीत बटणामागून चालवतात.

एवढ्यानेही भागले नाही तर विंडोजमध्ये रीसेटची सोय आहे. तीत वैयक्तिक फाइल ठेवून विंडोज नव्याने बसवता येते, मात्र बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात. लिनक्सवर नको असलेली पॅकेजेस काढण्याची सोय वितरणाच्या पॅकेज मॅनेजरमध्येच असते, त्यामुळे तेथे वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज क्वचितच भासते.

रजिस्ट्री क्लीनर वापरावा का?

वापरू नये. रजिस्ट्री म्हणजे विंडोजने आणि त्यावरील प्रोग्रॅमनी आपापली मांडणी लिहून ठेवलेला एक मोठा माहितीसाठा. विंडोज ३.१ मध्ये, १९९२ साली, ती लहान स्वरूपात आली आणि विंडोज ९५ पासून सर्व मांडणीचे मध्यवर्ती ठिकाण झाली. एखादा प्रोग्रॅम काढून टाकल्यावर त्याच्या काही नोंदी मागे राहतात, हे खरे आहे. परंतु विंडोज काही रजिस्ट्री पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत वाचत बसत नाही. हवी ती नोंद विंडोज तिच्या ठिकाणावरून थेट उचलते. लाखो नोंदींतील काहीशे निरुपयोगी नोंदी काढल्याने संगणकाच्या वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीतून गहाळ पुस्तकांची काही पत्रके काढून टाकली, म्हणून हवे ते पुस्तक लवकर सापडू लागते असे नाही.

उलट, क्लीनरला अनाथ वाटलेली नोंद एखाद्या प्रोग्रॅमला वर्षातून एकदाच लागणारी असू शकते. नेमकी ती गेली की बिघाड महिन्यांनंतर उघड होतो, आणि तोपर्यंत त्याचा साफसफाईशी असलेला संबंध कोणाच्या लक्षातही राहत नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना आपला पाठिंबा नाही आणि त्यांच्यामुळे उद्भवणारे काही बिघाड विंडोज पुन्हा बसवल्याशिवाय सुटत नाहीत, अशी खुद्द मायक्रोसॉफ्टची जाहीर भूमिका आहे. ज्या प्रोग्रॅमच्या जाहिरातीत रजिस्ट्रीची साफसफाई हेच मुख्य आकर्षण असते, तो प्रोग्रॅम तेवढ्यावरून नाकारायला हरकत नाही.

मोफत तपासणीत शेकडो चुका दाखवल्या जातात. त्या खऱ्या असतात का?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. दोष शोधणारा आणि त्यावरचा उपाय विकणारा एकच असेल, तर त्याने शोधलेल्या दोषांवर विसंबून पैसे देऊ नयेत, हा नियम येथे कसोशीने पाळावा.

मी स्वतः एकदा नुकतेच विंडोज बसवलेल्या संगणकावर असा एक प्रोग्रॅम चालवून पाहिला. त्या संगणकावर ब्राउझर आणि एका शब्दसंपादकाखेरीज काहीही नव्हते. तपासणी संपताच लाल वर्तुळात शेकडो ‘समस्या’ झळकल्या आणि संगणकाची प्रकृती ‘गंभीर’ असल्याचे जाहीर झाले. मी यादी एकेक ओळ उलगडून वाचली. त्यात प्रत्येक कुकी ‘गोपनीयतेला धोका’ म्हणून स्वतंत्रपणे मोजलेली होती. अलीकडे उघडलेल्या फाइलींची विंडोजची नेहमीची यादी हाही धोकाच धरला होता. काही नोंदी तर त्याच प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलरने मागे ठेवलेल्या तात्पुरत्या फाइलींच्या होत्या. खोटे म्हणावे असे त्या यादीत फारसे काही नव्हते, पण बिघाड म्हणावे असेही काही नव्हते. केवळ मोजण्याच्या पद्धतीने भीती उभी केलेली होती. जो माणूस यादी उलगडून पाहत नाही, तो घाबरून पैसे भरणारच, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

काही प्रकरणे याच्याही पुढे गेलेली आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचे हित जपणाऱ्या सरकारी आयोगाने) २००८ मध्ये विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर आदी नावांनी विकल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. खोट्या तपासण्या दाखवून दहा लाखांहून अधिक ग्राहकांना ते विकले गेल्याचा आरोप होता, आणि २०१२ मध्ये न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलरचा निवाडा दिला. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांनी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरून याच आयोगाशी तडजोड केली. त्या प्रकरणाचा तपशील जवळून पाहण्यासारखा आहे. ग्राहकाला संगणकाच्या तपासणीच्या सुरुवातीलाच काही प्रश्न विचारले जात: संगणक मंद झाला आहे का, वारंवार बंद पडतो का, व्हायरसच्या सूचना येतात का, पॉप-अप दिसतात का. आयोगाच्या म्हणण्यानुसार यांपैकी एका प्रश्नापुढे जरी खूण झाली तरी घातक प्रोग्रॅमची लक्षणे आढळल्याचा निष्कर्ष दाखवला जाई. प्रत्यक्ष तपासणीत काय सापडले याच्याशी त्याचा संबंध नसे. मार्च २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या प्रोग्रॅमच्या सायप्रसस्थित कंपन्यांनी अशाच स्वरूपाच्या आरोपांनंतर २ कोटी ६० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. म्हणजे सोळा वर्षांत रीत फारशी बदललेली नाही.

मायक्रोसॉफ्टनेही १ मार्च २०१८ पासून असा नियम केला की, जे मोफत प्रोग्रॅम अतिशयोक्त व घाबरवणारे संदेश दाखवून सशुल्क आवृत्ती घ्यायला भाग पाडतात, त्यांना विंडोजमधला अँटिव्हायरस, म्हणजे विंडोज डिफेंडर, अनिष्ट सॉफ्टवेअर समजून काढून टाकू शकतो. त्यामुळे डिफेंडरने एखादा क्लीनर अडवला आणि क्लीनरच्या निर्मात्याने ‘डिफेंडर तात्पुरता बंद करा’ असे सुचवले, तर तेथेच थांबावे.

प्रसिद्ध आणि वर्षानुवर्षे चालत आलेले नाव निवडले तर निश्चिंत राहता येते का?

प्रसिद्धीमुळे निवड थोडी सोपी होते, पण तेवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. सीक्लीनर हा २००४ पासूनचा, जगभर वापरला जाणारा प्रोग्रॅम आहे. जुलै २०१७ मध्ये त्याची निर्माती पिरिफॉर्म ही कंपनी अव्हास्टने विकत घेतली. पुढच्याच महिन्यात, १५ ऑगस्टला प्रसिद्ध झालेल्या ५.३३ या आवृत्तीत घुसखोरांनी आपला घातक कोड मिसळला होता. ती आवृत्ती अधिकृत संकेतस्थळावरूनच वाटली जात होती आणि तिच्यावर कंपनीची वैध डिजिटल स्वाक्षरीही (फाइल खऱ्या निर्मात्याची असल्याची खूण) होती. सप्टेंबरमध्ये हा प्रकार उघडकीस येईपर्यंत सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती पोहोचली होती. हल्लेखोरांचे खरे लक्ष्य काही मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या होत्या, त्यामुळे हल्ल्याचा दुसरा टप्पा मोजक्याच संगणकांवर चालवला गेला. तरीही सामान्य वापरकर्त्याला आपल्या संगणकावर काय शिरले आहे हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

त्या वापरकर्त्यांनी निवडीत कोणतीही चूक केली नव्हती. संपूर्ण डिस्कवर अधिकार असलेला प्रत्येक प्रोग्रॅम हा एक उघडा दरवाजा असतो, म्हणून असे प्रोग्रॅम कमीत कमी ठेवावेत, ते सतत मागे चालू ठेवू नयेत आणि काम झाले की काढून टाकावेत. जे काम विंडोजचेच साधन करू शकते त्यासाठी आणखी एक दरवाजा कशाला ठेवावा?

तरीही बाहेरचा प्रोग्रॅम हवाच असेल, तर विश्वासार्ह प्रोग्रॅम कसा ओळखावा?

त्याच्या दाव्यांवरून नव्हे, तर वागण्यावरून. पुसण्याआधी तो काय पुसणार आहे, त्या प्रत्येक फाइलचे नाव आणि ठिकाण दाखवतो का, ही पहिली कसोटी. केवळ ‘८६७ समस्या’ असा आकडा दाखवून एकच मोठे बटण पुढे करणारा प्रोग्रॅम आणि एकेक फाइल उलगडून दाखवणारा प्रोग्रॅम, यांत दुसराच निवडावा. मुक्त स्रोत असलेला (ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो असा) ब्लीचबिट विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो. त्यात आधी पूर्वदर्शन घेता येते आणि त्यात कोणत्या फाइल जातील व किती जागा सुटेल हे कळते. मात्र डिस्कवरील मोकळी जागा पुसून काढण्याचा त्याचा पर्याय फार वेळ घेतो आणि घरच्या साफसफाईला त्याची गरज नसते, तेव्हा तो पर्याय सोडून द्यावा.

दुसरी कसोटी परतीच्या वाटेची. प्रोग्रॅमने सेटिंग बदलली तर ती पूर्ववत करता येते का? तो बदलांची नोंद ठेवतो का? तिसरी कसोटी निर्मात्याच्या ओळखीची: कंपनीचे किंवा प्रकल्पाचे नाव, नोंदणीचे ठिकाण, संपर्काचा खरा मार्ग आणि आवृत्त्यांचा इतिहास हे सारे सहज सापडले पाहिजे. इन्स्टॉल होताना तो ब्राउझरचे मुख्यपृष्ठ बदलू पाहतो का, सोबत आणखी दोन प्रोग्रॅम टाकू पाहतो का, नकाराचे बटण फिकट रंगात दडवतो का, हे बारकाईने पाहावे. इन्स्टॉलरमध्ये जो अप्रामाणिक वागतो तो आत शिरल्यावर प्रामाणिक वागण्याची शक्यता कमीच. आणि तो काढून टाकायला गेल्यावर पूर्णपणे निघतो का, हे तर पैसे देण्यापूर्वीच एकदा करून पाहावे.

सशुल्क आवृत्ती घ्यायची वेळ आलीच, तर वर्गणी आपोआप नूतनीकृत होते का आणि ती कोठून रद्द करायची, हे वाचल्याशिवाय कार्डाचा क्रमांक देऊ नये. परीक्षणे वाचताना, लेखात प्रत्येक प्रोग्रॅमखाली खरेदीचे बटण असेल, तर लेखकाला विक्रीवर दलाली मिळत असण्याची शक्यता गृहीत धरून वाचावे.

प्रोग्रॅम कोठून डाउनलोड करावा आणि फाइल खरी आहे हे कसे तपासावे?

निर्मात्याच्या संकेतस्थळावरून किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या अधिकृत स्टोअरमधून. शोधयंत्रावर नाव टाकले की सर्वांत वर येणारे दुवे पुष्कळदा जाहिरातींचे असतात, आणि हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे तेथेच दबा धरून असतात. त्यामुळे जाहिरातीचा दुवा सोडून द्यावा आणि पत्त्याचे स्पेलिंग अक्षरन् अक्षर वाचावे. ‘क्रॅक’ केलेली (परवान्याचे कुलूप तोडलेली) आवृत्ती कधीही घेऊ नये. दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरला प्रशासकाचे अधिकार द्यावे लागतात आणि क्रॅक करणाऱ्याने त्यात काय मिसळले आहे हे आपल्याला कळू शकत नाही.

डाउनलोड झालेल्या फाइलवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे आणि डिजिटल सिग्नेचर्स हा विभाग पाहावा. तेथे निर्मात्याचे नाव असावे आणि तपशिलात स्वाक्षरी वैध असल्याचे लिहिलेले असावे. हा विभागच नसेल किंवा भलतेच नाव दिसत असेल, तर फाइल उघडू नये. लहान मुक्त प्रकल्पांच्या फाइलींवर कधी कधी स्वाक्षरी नसते. तेव्हा निर्मात्याने दिलेला हॅश (फाइलच्या आशयावरून काढलेला ओळखीचा कोड) ताडून पाहता येतो. त्याशिवाय व्हायरसटोटल या सेवेवर फाइल चढवली की ७०हून अधिक तपासयंत्रणांचे मत एकत्र पाहायला मिळते. एखाद्या अनोळखी यंत्रणेने एकटीनेच शंका घेतली तर घाबरू नये, पण नामांकित यंत्रणांपैकी अनेकांनी शंका घेतली तर ती फाइल पुसून टाकावी. या सेवेवर आपली खासगी कागदपत्रे मात्र चढवू नयेत, कारण तेथे दिलेल्या फाइल सुरक्षा-संशोधकांना उपलब्ध होतात.

‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी सूचना पडद्यावर आली आहे. काय करावे?

फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-सूचनांत फोन क्रमांक कधीच नसतो. ती सूचना म्हणजे ब्राउझरमधील एक पान असते. कर्कश आवाज आणि पडदाभर पसरलेली खिडकी हा केवळ देखावा असतो. एस्केप दाबून धरावे, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा आणि पुन्हा उघडताना आधीची पाने परत आणू नयेत. फोनवरील माणूस दूरनियंत्रणाचा प्रोग्रॅम टाकायला सांगतो आणि मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून त्यातील लाल-पिवळ्या खुणा दाखवतो. अशा नोंदी अगदी निरोगी संगणकातही शेकड्यांनी असतात.

ड्रायव्हर अपडेट करणारे प्रोग्रॅम उपयोगी असतात का?

क्वचितच. विंडोज अपडेट बहुतेक ड्रायव्हर स्वतः आणते, आणि उरलेले संगणकाच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या नावाखाली मिळतात. नीट चालणारा ड्रायव्हर केवळ ‘जुना’ म्हणून बदलू नये.

रॅम बूस्टरने मेमरी मोकळी होते का?

आकड्यांत होते. प्रत्यक्षात तो चालू प्रोग्रॅमची माहिती रॅममधून बाहेर ढकलतो आणि ती लगेच परत आणावी लागते, त्यामुळे संगणक क्षणभर मंदच होतो. न वापरलेली रॅम ही बचत नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिम तिचा उपयोग करून घेते ते योग्यच आहे.

एसएसडी असेल तर डीफ्रॅगमेंट (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणे) करावे का?

त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम घेऊ नये. विंडोज डिस्कचा प्रकार ओळखून आठवड्यातून एकदा योग्य ती देखभाल स्वतः करते, आणि एसएसडीसाठी ती ट्रिम सूचना, म्हणजे कोणती जागा आता रिकामी आहे याची माहिती, पाठवते.

मॅकसाठी वेगळा क्लीनर लागतो का?

सहसा नाही. सिस्टिम सेटिंग्जमधील जनरल विभागात स्टोरेज उघडले की जागा कशाने व्यापली आहे ते कळते, आणि डिस्क युटिलिटीतील फर्स्ट एड डिस्कच्या रचनेतील दोष तपासते. ऑनिक्स हा मोफत आणि जुना जाणता प्रोग्रॅम आहे, पण मॅकओएसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीसाठी त्याची वेगळी आवृत्ती असते आणि तीच घ्यावी लागते. कोणत्याही क्लीनरने संपूर्ण डिस्कचा अधिकार मागितला तर तो कशासाठी, हे समजल्याशिवाय देऊ नये.

डिस्कच बिघडू लागली असेल तर दुरुस्तीचे सॉफ्टवेअर चालवावे का?

अशा वेळी सर्वांत आधी आपल्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, आणि दुरुस्तीचा विचार नंतर करावा. डिस्कमधून टकटक आवाज येणे, एखादे फोल्डर उघडायला मिनिटे लागणे, काही फाइल कॉपी होताना मध्येच अडकणे ही यंत्राच्या झिजेची लक्षणे आहेत, आणि झिजलेले यंत्र सॉफ्टवेअरने बरे होत नाही. संपूर्ण डिस्क पुन्हापुन्हा वाचायला लावणारी खोल तपासणी अशा डिस्कचा शेवट ओढवून आणू शकते. ही चूक फार सहजपणे होते, कारण संकटात माणूस आधी ‘दुरुस्त करा’ हेच बटण दाबतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम ती नोंद वाचून दाखवतो. निकामी झाल्याने बदललेल्या सेक्टरांचा (डिस्कवरील छोट्या कप्प्यांचा) आकडा त्यात असतो. तो आठवड्यागणिक वाढत असेल तर नवी डिस्क आणावी. चुकून पुसल्या गेलेल्या फाइल परत मिळवायच्या असतील, तर पुनर्प्राप्तीचा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर इन्स्टॉल करू नये, कारण इन्स्टॉल होताना तो नेमक्या त्याच फाइलींच्या जागेवर लिहिला जाऊ शकतो.

व्हायरसची खरोखर शंका असेल तर कोणते साधन वापरावे?

साफसफाईचे सॉफ्टवेअर हे अँटिव्हायरस नव्हे. विंडोज ८ पासून डिफेंडर विंडोजमध्येच असतो, आणि त्याचा ऑफलाइन स्कॅन संगणक पुन्हा सुरू करून विंडोज पूर्ण चालू होण्याआधी तपासणी करतो, त्यामुळे दडून बसलेला प्रोग्रॅमही सापडू शकतो. दुसरे मत हवे असेल तर मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर घेता येतो. तो डाउनलोड केल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून प्रत्येक वेळी नवा घ्यावा लागतो. ब्राउझरमध्ये घुसलेली जाहिरातबाजी काढायला मालवेअरबाइट्सचा ॲडडब्ल्यूक्लीनर मोफत मिळतो. वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायचा असल्यास जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थांचे चाचणी-अहवाल वाचावेत. साफसफाईच्या प्रोग्रॅमकडे दाखवण्यासारखी अशी स्वतंत्र कसोटी सहसा नसते, हाही एक विचार करण्याजोगा फरक आहे. ज्या विंडोजला सुरक्षा अपडेट मिळणे थांबले आहे तिची उणीव कोणताही प्रोग्रॅम भरून काढत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

असा कोणताही प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी काय तयारी करावी?

महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत संगणकाबाहेर असावी आणि ती उघडते की नाही हे पाहून घ्यावे. त्यानंतर रिस्टोअर पॉइंट तयार करावा. काही संगणकांवर ही सोय बंद असते, तेव्हा आधी ती चालू करावी. रिस्टोअर पॉइंटमुळे विंडोजची मांडणी मागे नेता येते, पण पुसलेली छायाचित्रे त्याने परत येत नाहीत, म्हणून बॅकअपची जागा तो घेऊ शकत नाही. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. दुरुस्तीनंतर संगणक अचानक तीच मागू शकतो आणि ती नसेल तर डिस्कवरील सगळेच हातचे जाते.

मी आधीच एका संशयास्पद प्रोग्रॅमसाठी पैसे भरले आहेत. आता काय करू?

आधी वर्गणीचे आपोआप होणारे नूतनीकरण रद्द करावे आणि रद्द झाल्याची ईमेल जपून ठेवावी. परताव्याची मुदत उरली असेल तर लेखी मागणी करावी; दाद मिळाली नाही तर ज्या बँकेच्या कार्डाने पैसे दिले तिच्याकडे व्यवहाराबद्दल तक्रार नोंदवावी. प्रोग्रॅम सेटिंग्जमधून काढून संगणक पुन्हा सुरू करावा आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागात तसेच ब्राउझरच्या एक्स्टेन्शनांत त्याचे काही उरले आहे का ते पाहावे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ऑटोरन्स हे साधन संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी प्रत्येक गोष्ट दाखवते, तेथेही नजर टाकावी.

या काळात कोणाला दूरनियंत्रणाने संगणकात शिरू दिले असेल, तर प्रकरण अधिक गंभीर आहे. तेव्हा त्या संगणकाचे इंटरनेट लगेच तोडावे, बँकेला कळवावे आणि ईमेल व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. मग केवळ कागदपत्रे, छायाचित्रे यांसारख्या वैयक्तिक फाइल उतरवून घेऊन विंडोज पूर्णपणे नव्याने बसवावे, आणि उतरवलेल्या फाइल परत घेण्यापूर्वी त्या डिफेंडरने तपासून घ्याव्यात.